अठरा दावी

एकशे तीस

मशीन गोधडीत गुंडाळून जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं, तेवढ्यात चतुराबाईनं वाकून गोधडीत हात घातला आणि त्याच्या पाठीतली वायर उपसून काढली.

"अगं, काय करून राह्यली?" भुजंग ओरडला.

"दावं हाय," ती म्हणाली. वायरचे वेढे ती कोपर ते पंजा असे घालत होती. दोर गुंडाळावा तसे. "जनावर इकलं म्हणून दावं देतेत का कुठं? घेणाऱ्यानं आपलं आणावं."

जीपच्या दारापाशी उभा असलेला मुकुंद हसायला लागला. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम तो करायचा. वय तिशीच्या आत, खिशाला तीन पेनं. कंपनीचे लोक बियाण्याचे प्लॉट पाहायला केदारखेड्याकडे निघाले की तोही कधीमधी जीपमध्ये बसून यायचा.

"काकू, हा बैल नाही. कॉम्प्युटर आहे."

"असू द्या की. दीड वर्स आमच्या घरात खाऊन-पिऊन न्हाई का ऱ्हायला? दावं गेलं का गोठ्याची बरकत जाती."

"भुजंगकाका, तुम्ही तरी सांगा."

भुजंगला सांगता आलं असतं. पण आजवर तीन गोऱ्हे त्यानंही विकले होते, आणि तिघांची दावी गोठ्याच्या खुंटीवर अजून लटकत होती. एकाही गिऱ्हाइकानं ती मागितली नव्हती.

"बराबर हाय तिचं," तो म्हणाला. "वायर जालन्यात कुठंबी भेटल."

"भेटेल हो." मुकुंदनं हसू आवरलं. "पण बोलणं लक्षात आहे ना? उद्या मंगळवार. अकरा वाजता जालन्यात, मशीन घेणाऱ्या शरयूमावशीच्या घरी चालू करायचं, तुमच्यासमोर. चाललं तर आमच्या गोडाऊनमधली अठरा बंद मशीनं तुमची. साहेब तयार आहेत. नाही चाललं तर..."

"तर भंगारवाला."

"तो बुधवारी गाडी घेऊन येणार आहे. मी तरी काय करणार?"

"चालल," भुजंग म्हणाला. "न चालायला काय झालं? अकरा मेलेल्या मशीनींतून एक जित्ती उभी केली मी. त्या अठरांतून पाच करून दाखवीन. बिलकुल."

जीप गेली. धुरळा खाली बसेस्तोवर भुजंग वाटेकडे पाहत राहिला. पोरगी सासरी गेली तेव्हाही तो एवढा वेळ उभा नव्हता, असं चतुराबाईनं नंतर शेजारी सांगितलं.

घरात येऊन त्यानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं. मोटारीच्या जुन्या स्टार्टरमधून काढलेला व्होल्टेजचा काटा तिथं खिळ्याला टांगलेला होता. शिवारात सगळ्या विहिरींवर मोटारी चालू होत्या, गव्हाला पाणी चाललं होतं. काटा एकशे तीसवर बसला होता. त्याखालचा बल्ब पिकल्या लिंबासारखा पिवळा.

एकशे तीसच, पण दीड वर्षाआधीचे

गोष्ट इथं जरा मागं न्यावी लागते. फार नाही.

भुजंग शेतकरी. शेतीच्या जोडीला घरातच मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत टाकून त्याच्या अंगणात आणायचे. तो जळकी तार सोलून काढायचा, खाचा साफ करायचा आणि नवीन तार भरायचा. म्हणजे लोक तसं म्हणायचे, 'भुजंगनं भरली'. तारेचे वेढे लाकडी साच्यावर घालायची ती चतुराबाई. एका बैठकीत शेकडो वेढे. मध्ये कुणी बोललं तर नुसती मान हलवायची. आकडा सांडू द्यायची नाही. वेढे झाले की दोऱ्यानं बांधायची, टोकांवर काळी टेप लावायची आणि टेपचं शेवटचं टोक बोटभर आत दुमडून ठेवायची. पुढच्या वेळी सोडवणाऱ्याला नख घालावं लागू नये म्हणून. भुजंग टेप दातानं तोडायचा आणि अंगठ्यानं दाबून टाकायचा. त्यावरून बोलणी खायचा.

अठ्ठ्याण्णव साली नव्या जालन्यातल्या एका भंगारवाल्याकडे तांब्याची तार शोधायला तो गेल्ता. तिथं अकरा कॉम्प्युटर पालथे पडलेले. त्यातल्या एकाचं झाकण उघडं होतं. भुजंग उकिडवा बसला आणि तासभर बसून राहिला. तारेच्या बदल्यात अकरा डबे घेऊन घरी आला.

"हे काय आणलं?" चतुराबाईनं विचारलं होतं.

"माहीत न्हाई अजून," तो म्हणाला होता, आणि एवढा खूश होता की तिनं गोठ्यातली जागा मोकळी करून दिली.

मग गोठ्याच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटरांची दावण लागली. कोणाची पाठ जळालेली, कोणाचं काळीज बंद. वायर दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये, स्क्रू गुळाच्या डब्यात, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: 'चालतंय'. दुसऱ्यावर: 'बहुतेक'. तिसऱ्यावर काहीच नाही, पण सगळ्यात जास्त माल त्यातच. मेमरीच्या पट्ट्यांचे सोनेरी दात त्यानं खोडरबरानं घासले. फुगलेले कंडेन्सर काढून जुन्या टीव्हीतले बसवले. एकशे तीसवर सोल्डरिंगचा डाग द्यायची विजेची कांडी तापायचीच नाही, म्हणून लोखंडी कांडी चुलीत घालून चतुराबाई ती लाल करून द्यायची. भाकरी एका हाताला, कांडी दुसऱ्या.

सगळं जोडून झालं तरी मशीन उठेना. पंखा एक हिसका द्यायचा आणि बसायचा. आठ दिवस भुजंग त्याच्यासमोर बसून होता. नवव्या दिवशी डब्याच्या पाठीला एक लहानसं लाल बटण दिसलं. एका अंगाला २३०, दुसऱ्या अंगाला ११५. त्यानं काट्याकडं पाहिलं. मग बटणाकडं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ते सरकवून ११५ वर केलं.

मशीन बोललं. एकदाच, बारीक आवाजात. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं चढायला लागली.

त्या दिवसाबद्दल भुजंग पुढं गावभर सांगत फिरला. पण खरं तर तेव्हा तो नुसता उठून बाहेर गेल्ता आणि हात धुऊन परत आल्ता. देवघरात जाताना धुवावे तसे.

महिन्याभरानं एका संध्याकाळी मशीन चालूच राहिलं. साडेसहाला थ्री-फेज गेली, शिवारातल्या मोटारी एकदम बंद पडल्या, उरलेली सगळी वीज गावात शिरली. बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला आणि मशीनच्या पोटात फटाका फुटला. कंडेन्सरांच्या चिंध्या. म्हैस दावं तोडून पळाली.

काय झालं ते भुजंगला लगेच कळलं. कमी व्होल्टेजची बाजू, आणि तिला दुप्पट खाऊ घातलेलं. नवे कंडेन्सर शोधण्यात दोन महिने गेले. त्यानंतर नियम ठरला: मशीन दिवसा. पाचला बंद. येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट लागू नये म्हणून लाल बटणावर त्यानं काळी टेप मारली. दातानं तोडून, अंगठ्यानं दाबून.

"तुमचं मशीन पिवळ्या बल्बाचं हाय," चतुराबाई म्हणाली होती. "पांढरा झाला का मरतं."

हे वाक्य भुजंगला फार आवडलं. पारावर बसून त्यानं ते कितीतरी जणांना ऐकवलं. "आमच्या मंडळींचं सायन्स," असं म्हणून.

आणखी एकदा ती बोलली होती. नव्या जालन्यात राहणाऱ्या उषाबाईकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, ती बारशाला जाऊन आल्ती. "तिच्याकडं भर दुपारी बल्ब असा जळतो," ती म्हणाली होती, "का भिंतीवरच्या मुंग्या मोजाव्यात."

"हूं," भुजंग म्हणाला होता. त्याच्या तोंडात स्क्रू होता.

दोनशे पस्तीस

तर, सोमवारची संध्याकाळ. जीप जाऊन चार तास झाले होते.

गव्हाचं पाणी मोडून भुजंग घरी आला, अंगणात पाय धुवायला वाकला. तेवढ्यात साडेसहा झाले. विहिरीवरच्या मोटारींचा आवाज कुणीतरी सुरीनं कापावा तसा तुटला. घरातला बल्ब पांढरा झाला. त्याचा उजेड दारातून बाहेर आला आणि भुजंगच्या ओल्या पायावर पडला.

तांब्या हातातच राहिला.

जालन्यात दिवसभर असाच उजेड असतो.

त्यानं तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं. दीड वर्ष ज्या बटणाला हात लावला नव्हता, जे टेपखाली झाकून तो विसरून गेल्ता, ते ११५ वर होतं. उद्या अकरा वाजता शरयूबाईंच्या घरात, मुकुंदसमोर, ते दोनशे तीसला जोडलं जाणार होतं.

तो ओल्या पायांनीच रामकिसनच्या दुकानात गेला. गावात बाहेरगावचा फोन तिथंच. मुकुंदनं दिलेलं कार्ड त्यानं खिशातून काढलं. कार्डावर कंपनीचा नंबर. घंटी वाजत राहिली.

"हापिस सहाला बंद होतं की," रामकिसन म्हणाला. "काय झालं, भुजंगराव? मशीन इसरलं का काही?"

"न्हाई. मशीन गेलं."

"मंग?"

"काही न्हाई," भुजंग म्हणाला. 'न्हाई चाललं तर' हे वाक्य त्यानं दुपारपासून चार जणांना हसत ऐकवलं होतं. त्यातला एक समोर उभा होता.

घरी चतुराबाईनं ताट वाढलं. भाकरी, लसणाचा ठेचा, वांग्याचं कोरड्यास. भुजंगनं घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"मशीनचा घोर लागला काय?"

"न्हाई."

"घोर करू नगा. मी सकाळी ते पुसतानी..."

"पुसणं येगळं, मशीन येगळं," भुजंग म्हणाला. "तुला काय कळतं त्यातलं?"

तव्यावरची भाकरी चतुराबाईनं उलटली, फुगू दिली, काढली. मग तिचे दोन तुकडे केले आणि त्याच्या ताटात अर्धीच वाढली. अर्धी तिनं स्वतःला घेतली.

शून्य

सकाळी गावात वीजच नव्हती. काटा तळाशी निजलेला.

भुजंगनं खिशात दोन कंडेन्सर आणि एक फ्यूज घेतला. फुटल्यावर लागेल म्हणून. फुटायच्या आधी पोचलो तर नुसतं नख पुरे होतं. चतुराबाई अंगण झाडत होती. तिनं वर पाहिलं, काहीतरी म्हणावंसं तिला वाटलं असेल. पण ती झाडतच राहिली. भुजंगनंही विचारलं नाही.

जालन्याची गाडी वेळेवर आली. जागाही मिळाली. दैव बरं आहे असं वाटायला लागलं, आणि राजूरच्या अलीकडे गाडी थांबली.

"काय झालं?"

"अंगारकी हाय, मामा," कंडक्टर म्हणाला. "बघा की पुढं."

पुढं माणसंच माणसं. राजूरच्या गणपतीला निघालेली. पायी, सायकलवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. डोक्यावर लेकरं, हातात नारळ. भुजंगनं आपल्या उभ्या आयुष्यात अंगारकी चुकवली नव्हती, आणि आज तिची आठवणही राहिली नव्हती. त्यानं बसल्या जागेवरून टेकडीकडं हात जोडले. साडेनऊ. पावणेदहा. गाडी बैलासारखी दोन पावलं टाकायची आणि अडायची.

दहाला तो उतरला. गर्दी एका दिशेला, तो दुसऱ्या. खांदे लागत होते. गर्दीपलीकडे रिकाम्या कॅन लावलेली एक राजदूत मोटारसायकल उभी होती. धावड्याचा अण्णासाहेब, दूधवाला. ओळखीचा. त्याची मोटार भुजंगनं दोनदा भरली होती.

"जालन्याला चाललास का?"

"चाललो न. पर तुमी देवाकडं पाठ करून कुठं पळून राह्यलात?"

"बसू दे. जल्दी."

"कोणी आजारी हाय काय, काका?"

भुजंग कॅनच्या मध्ये बसला. "हाय," तो म्हणाला. "समज, मीच."

अण्णासाहेबानं हसून किक मारली. वाटभर तो कॅनच्या खडखडाटावर मोठ्यानं बोलत होता. दुधाचं फॅट, मेहुण्याची निवडणूक. भुजंग मनातल्या मनात एकच गोष्ट करत होता. नख. टेपखाली नख घालायचं, टेप ओढायची, लाल बटण डावीकडून उजवीकडं. दातानं तोडून दाबलेली ती टेप. नखानं निघेल का लवकर? स्वतःवरच तो चिडला.

दोनशे तीस

अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. नव्या जालन्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यामागच्या गल्लीत अण्णासाहेबानं त्याला उतरवलं. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात पंखा फिरत होता. इतका जोरात, की पाती दिसत नव्हती. भुजंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि जिन्याला लागला.

पहिल्या मजल्यावर शरयूबाई राहायच्या. कोर्टाचे अर्ज, कॉलेजचे प्रबंध, लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर, जे काय येईल ते तीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर उतरवून दिलं होतं. आता लोक विचारायचे, कॉम्प्युटरवर करता का? नाही म्हणाल्या की कागद परत न्यायचे. नवीन मशीन परवडणारं नव्हतं. म्हणून मुकुंदनं भुजंगची वाट दाखवली होती.

भुजंग जिन्यात मध्येच थांबला. वरून आवाज येत होता.

टक. टक. टक-टक.

तो दारात येऊन उभा राहिला. शरयूबाई चष्मा कपाळावर चढवून पडद्यासमोर बसल्या होत्या. बाजूला मुकुंद, हातात कप. आणि पडद्यावर चित्र. केदारखेड्यात ते दोन्ही अंगांनी बोटभर आकसलेलं असायचं. चित्र तेवढंच असतं असंच भुजंगला वाटायचं. इथं ते काठाला काठ भरून उभं होतं.

"या, या, भुजंगराव," शरयूबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी थांबलो होतो. पण मलाच धीर निघेना. रागावू नका हं."

"न्हाई... न्हाई."

"उन्हातून पळत आलात काय? मुकुंद, पाणी दे त्यांना."

भुजंगनं पाणी घेतलं नाही. तो मशीनच्या मागं गेला. खाली वाकला. पंखा गार वारा फेकत होता. एक नवी वायर पाठीत घुसलेली. तिच्या बाजूला काळी टेप.

"तेच सांगणार होतो तुम्हाला," मुकुंद मागून म्हणाला. "खरं सांगू, काका? वायर लावायच्या आधी मी मागं पाहिलं. तुमच्याकडची व्होल्टेज मला माहिती आहे. मला वाटलं, लाल बटण नक्की एकशे पंधरावर असणार. माणूस हुशार असला तरी इथं फसतो. म्हटलं, आज मावशीच्या घरात दिवाळी."

"मंग?"

"टेप काढली. दोनशे तीसवर! पाठवायच्या आधी आठवणीनं बदलून पाठवलं तुम्ही. आणि टेप तरी कशी, टोक दुमडून ठेवलेली. एका बोटात निघाली. मी तशीच परत लावली." त्यानं कप खाली ठेवला. "आठ वर्षं हे काम करतोय मी. पुढं उघडणाऱ्याचा विचार करून टेप लावणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. मानलं तुम्हाला."

भुजंग वाकलेलाच होता. त्यानं टेपच्या टोकाला बोट लावलं. बोटभर घडी. सारखी, सरळ, आत वळवलेली. गावातल्या निम्म्या विहिरींवर, मोटारींच्या पोटात, अशा घड्या बसलेल्या होत्या.

*मी सकाळी ते पुसतानी...*

तो उभा राहिला तेव्हा त्याला आधी कंबर धरावी लागली. चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं, कारण शरयूबाईंचे हात थांबले.

"बरं वाटत नाही का?"

"न्हाई, लई बरं वाटून राह्यलं," भुजंग म्हणाला, आणि मग त्यानं पाणी मागून घेतलं. पूर्ण तांब्याभर प्यायला.

मुकुंदनं कंपनीच्या शिक्क्याचं एक पॅड काढलं. "अठरा मशीनं. गेटपास करतो. भंगारवाल्याला मी सांगतो. परवा गुरुवारी येऊन न्या. ज्याच्या नावाचा पास त्यानंच यायचं, गेटवर सही असते. नाव सांगा पूर्ण. भुजंग..."

"थांबा," भुजंग म्हणाला.

मुकुंदचं पेन थांबलं.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. लग्नात एकदा आणि पोरीच्या बारशाला एकदा, बायकांनी वाट अडवली म्हणून, त्यानं बायकोचं नाव घेतलं होतं. एरवी 'अगं', 'आमची मंडळी', 'पोरीची माय'. नाव तोंडात आलं आणि तोंड जरा अवघडलं. कानशिलं तापली.

"चतुराबाई," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा, जरा मोठ्यानं: "चतुराबाई भुजंग. गाव केदारखेडा."

"काकूंच्या नावानं?"

"हां."

"पण त्यांना यावं लागेल. सही..."

"येईल. सही येती तिला. सातवी पास हाय. माझ्यापरीस एक इयत्ता जास्त."

मुकुंद त्याच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं एकदा मशीनच्या पाठीकडं पाहिलं. 'चतुराबाई' हे नाव त्यानं सावकाश, ठळक लिहिलं.

एकशे पंचवीस

भुजंग घरी पोचला तेव्हा शिवारात मोटारी चालू होत्या आणि बल्ब पिवळा होता. चतुराबाई साचा मांडून बसली होती. कोणाची तरी मोटार भरायला आलेली.

"चाललं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"चाललं. पडदाभर चित्र आलं. काठाला काठ."

"हं."

त्यानं पास तिच्यासमोर ठेवला, तारेच्या रिळावर. तिनं आधी हातातले वेढे पूर्ण केले. आकडा सांडू दिला नाही. मग कागद उचलला, उजेडाकडं धरला, वाचला. पुन्हा वाचला. तिच्या ओठांनी स्वतःचं नाव आवाज न करता म्हटलेलं भुजंगला दिसलं.

"हे काय?"

"अठरा मशीनं. परवा. सही तुझी लागती, तुला यावं लागल."

"मी?" कागदावरची नजर तिनं उचलली नाही. "मला काय कळतं त्यातलं?"

हे येणार होतं. परत येताना राजूरपासूनच ते त्याला माहीत होतं. तो तिच्यासमोर खाली बसला. साच्याजवळ काळ्या टेपचं रीळ पडलेलं होतं. काल त्यानंच वापरून टाकलेलं, टोक चिकटून हरवलेलं. त्यानं ते उचललं. नखानं चाचपत टोक शोधलं. वेळ लागला. सापडलं तसं सुटं केलं, बोटभर आत दुमडलं, घडी सरळ आहे का पाहिलं आणि रीळ तिच्या गुडघ्यापाशी ठेवलं.

चतुराबाईनं रिळाकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"वाकडी हाय," ती म्हणाली.

"हां. जराशीक."

ती उठली. गोठ्यात गेली. खुंटीवर गोऱ्ह्यांच्या तीन दाव्यांशेजारी चौथं, काळं, पिनेचं दावं लटकत होतं. त्याला तिनं हात लावला नाही. खालच्या दुधाच्या कॅनमधून तिनं वायरीचा गुंता ओढून बाहेर काढला आणि अंगणात आणून टाकला.

"अठरा म्हणलात न?"

"अठरा."

"मंग दावी आपलीच न्यावी लागतेल. त्यायच्याकडची ते देणार न्हाईत, आणि मागूबी न्हाई."

ती बसली. वायरचं एक टोक तळव्यात धरलं, कोपराखालून फिरवलं आणि पहिला वेढा घातला.

"मोजा," ती म्हणाली.

भुजंग मोजायला लागला.